बांधावरची टकटक

माझी शाळा सातवीपर्यंत झाली. लिहिण्यात चुकलं तर चुकलं.

चाळीस वर्षं मी मोटारी भरल्या. माझ्या दुकानात विहिरीवरची नाहीतर बोअरची जळालेली मोटार यायची. आतली काळी पडलेली तार तोडून काढायची, नवी तांब्याची तार वेढे मोजून घालायची, वार्निश पाजायचं, वाळवायचं आणि पाण्याला जोडून द्यायची. तांबं कुठं तापतं आणि कुठं कमी पडतं, ते माझ्या बोटांना कळतं. याच्यापलीकडं मला काही येत नव्हतं. घर शेतातच आहे, वडवणीहून दिंद्रुडकडं जाताना रस्त्यापासून आत. एकच लेक, ती सिरसाळ्याला दिली.

बायको गेली त्याला या उन्हाळ्यात दोन वर्षं होतील. किडन्या गेल्या होत्या. बीडला न्यायचं, आणायचं, पुन्हा न्यायचं. मग ते संपलं. त्याच्यावर मी जास्त लिहिणार नाही.

तिला बोलायची सवय. सकाळी चहाचं आधण ठेवल्यापासून जे सुरू व्हायचं ते निजेपर्यंत. शेळीशी बोलायची, भांड्याशी बोलायची, माझ्याशी तर बोलायचीच. मी हूं म्हणायचो. कधी कधी तेही म्हणायचो नाही. ती गेल्यावर घर असं गप झालं की काय सांगू. एकदा दूधवाल्यानं विचारलं, ‘काका, उद्या दूध ठिवू का?’ तर हो म्हणायला तोंड उघडलं आणि घशातून नुसती खरखर आली. तेव्हा ध्यानात आलं, दोन दिवस झाले, मी एक शब्द बोललेलो नाही.

वडवणीत बाजाराच्या रस्त्याला माझा एक जुना दोस्त आहे. सगळे त्याला मिस्त्री म्हणतात. पहिल्यांदा रेडिओ दुरुस्त करायचा, मग टीव्ही, आता मोबाईलच्या काचा बसवतो. दुकानाच्या मागच्या खोलीत त्यानं एक वायरलेस सेट मांडलेला. त्याच्यावर तो कुणाकुणाशी बोलत असतो हे मला माहीत होतं, पण ते मी त्याचं खूळ समजायचो. बाजाराच्या दिवशी मी तिथं जाऊन नुसता बसायचो. एका दिवशी त्यानं सेटचं ऐकायचं ते कानाचं, हेडफोन, माझ्या डोक्यावर घातलं.

आत एक माणूस हिंदीत बोलत होता. त्याच्या दारातल्या लिंबाच्या झाडाला कीड लागली, ते सांगत होता.

“कोण हाय ह्यो?” मी विचारलं.

“हैदराबादच्या बी पल्याडचा हाय. रोज भेटतो.”

“टावर कुठं हाय?”

“टावर न्हाई.”

“मग सॅटेलाइट असंल.”

“काय बी न्हाई बे. त्याच्याकडं एक तार, माझ्याकडं एक तार. मधी आभाळ.”

मी म्हणालो, थापा मारतूस. तो उठला, मला गच्चीवर घेऊन गेला आणि तार दाखवली. दोन बांबूंमध्ये ताणलेली, मधोमध कापलेली, तिथून खाली सेटकडं गेलेली. मी हात लावून बघितला. ती मोटारीत घालायची तार होती. माझ्याच दुकानातून त्यानं कधीतरी नेलेली.

त्या दिवशी मी एस.टी. चुकवली. मिस्त्री सांगत होता की आपला आवाज तारेतून सुटतो आणि वर जातो. ढगाच्या वर, विमानाच्या वर, तिथं उन्हानं हवेचा एक थर तयार होतो, त्याला आपटून खाली येतो, आणि शेकडो कोस लांब कुणाच्या तरी तारेवर बसतो. मी ऐकत होतो आणि गच्चीवरून त्या तारेकडं बघत होतो. चाळीस वर्षं मी हेच तांबं गुंडाळून गुंडाळून मोटारीत कोंबलं. ते सरळ ताणून धरलं की माणसाचा आवाज धरतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

“मला पायजे हे,” मी म्हणालो.

“परवाना लागतो. परीक्षा असती. इंग्रजीत.”

“बगू की.”

परीक्षेचं थोडक्यात सांगतो. चार उत्तरांतलं एक निवडायचं. कंडेन्सर, कॉइल, व्होल्ट हे मला पाठ होतं, पण अक्षरांतून वळखायला यायचं नाही. मिस्त्रीनं मला शब्द चेहऱ्यावरून वळखायला शिकवले, गर्दीत पाहुणा वळखावा तसे. पहिल्यांदा नापास झालो. दुसऱ्यांदा पास झालो. मग ठाण्यातून चौकशीला एक शिपाई आला. दारात उभा राहून मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“बाबा, तुमाला वायरलेस कावून पायजे? कुणाशी बोलायचंय?”

“जो उत्तर दील त्याच्याशी.”

त्यानं ते लिहून घेतलं की नाही, माहीत नाही. पण परवाना आला. सरकारनं दिलेलं एक नाव असतं, व्हीयू-थ्रीनं सुरू होतं आणि पुढं तीन अक्षरं. माझी तीन अक्षरं मी इथं लिहीत नाही. मला ती मोठ्यानं म्हणायला लाज वाटायची म्हणून मी आधी विहिरीत तोंड घालून म्हणून बघितली.

मिस्त्रीनं त्याचा जुना सेट दिला. ट्रॅक्टरची उतरलेली बॅटरी मी चार्ज करून घेतली. दारातल्या कडुनिंबापासून विहिरीवरच्या लोखंडी पाइपापर्यंत तार ताणली. दोन्हीकडं तेहतीस-तेहतीस फूट. मिस्त्री मीटर घेऊन आला. तारेत घातलेली ताकद किती बाहेर जाते आणि किती वळून मागं येते, ते त्याचा काटा सांगतो. मी बटण दाबलं तर सगळंच मागं यायला लागलं. काटा जाऊन कडेला टेकला.

मिस्त्री सांधे बघून आला. मी तारेवरचं वार्निश घासून काढलंय का, तेही बघितलं. मला राग आला. मोटारवाल्याला वार्निश घासायला शिकवतो. मग तो निंबाखाली जाऊन वर बघत उभा राहिला आणि एकदम हसायला लागला.

“त्ये काय हाय टोकाला?”

“उरलेली तार हाय. चार फूट जादा होती.”

“मग तोडायची की.”

“तांबं कशाला तोडायचं? गुंडाळून ठिवलं.”

मी ती बोटाभोवती गुंडाळून, वेढ्याला वेढा लावून, पंधरा वेढ्यांचं वेटोळं करून टोकाला बांधली होती. दोन्ही टोकांना. हाताची सवय.

“काय बे, आभाळात मोटार भरलीस का?” मिस्त्री पोट धरून खाली बसला. “त्या वेटोळ्यानं तुजी तार लांब झाली. आवाज भायेर जायचं सोडून तिथंच घुमतुय. तोड ते.”

शिडी लावून मी स्वतः तोडलं. काटा खाली आला. मिस्त्री गेल्यावर वेटोळी मी खिशात घालून आत आणली, टाकली नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात मिस्त्रीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि तो लेकीकडं परभणीला जाऊन राहिला. आता मी आणि सेट.

रोज सकाळी साडेसातला आपली मराठी माणसं एका जागेवर जमतात. जागा म्हणजे सेटवरचा एक ठरलेला आकडा. एक जण प्रमुख असतो. तो एकेकाचं नाव घेतो, तब्येत विचारतो, आणि शेवटी म्हणतो, ‘नवीन कुणी आहे का?’ मिस्त्रीनं मला सांगून ठेवलं होतं, त्या वेळी बटण दाबायचं आणि आपली अक्षरं म्हणायची, बटण सोडलं की त्यांचं ऐकू येतं.

पहिल्या सकाळी मी आंघोळ करून बसलो. सेट लावला. लांबून माणसांचे आवाज आले, आणि त्यांच्यावर आवाज आला, टक. मग पुन्हा टक. पुन्हा टक. सेकंदाला एक. लोहारानं ऐरणीवर मारावं तसा. प्रत्येक टकीला सेट क्षणभर गुदमरायचा आणि अर्धा शब्द गिळायचा. ‘नवीन कु... टक... हे का’ एवढं कळलं. मी बटण दाबलं, अक्षरं म्हणालो, बटण सोडलं.

टक. टक. टक.

त्यांच्यामध्ये कुणी काही बोललं का, मला सांगता येत नव्हतं. काहीतरी होतं. माणसाचा आवाज होता की नुसती खरखर होती, काय माहीत.

रोज असंच व्हायला लागलं. दहा वाजता सेट लावला तर टकटक नाही, सगळं लख्ख. पण दहाला ती माणसं गेलेली असायची. साडेसातला पुन्हा टक. मी रोज हाक मारायचो. अक्षरं म्हणून झाल्यावर एखाद्या दिवशी न राहवून म्हणायचो, ‘कुणी हाय का हो?’ आणि बटण सोडून सेटला कान लावून बसायचो.

लोकांना वाटेल, एवढं काय त्यात. पण मी दिवसभरात तेवढंच बोलत होतो. माझा आवाज या शेताच्या बाहेर जातोय का, एवढंच मला कळायला पाहिजे होतं. मी मनाशी ठरवलं, संक्रांतीपर्यंत बघायचं. तोवर उत्तर आलं नाही तर तार उतरवायची, सेट मिस्त्रीला द्यायचा आणि पुन्हा म्हणून या नादाला लागायचं नाही.

मिस्त्रीला फोन केला. तो डोळ्याला पट्टी बांधून पडलेला.

“आधी घर बंद कर,” तो म्हणाला.

“म्हंजी?”

“मेन स्विच पाड. सेट बॅटरीवर चालतूय न्हवं? टकटक थांबली तर घरातलं भूत. न्हाई थांबली तर भायेरचं.”

मेन स्विच पाडला. थांबली नाही.

“मग खिशातला छोटा रेडिओ घे. दोन स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागेवर लाव आन् चाल. जिकडं टकटक वाढंल तिकडं जा.”

सकाळी साताला मी रेडिओ कानाला लावून घराबाहेर पडलो. थंडी होती. हरभरा गुडघ्याच्या खाली, दहिवरानं गच्च भिजलेला. रेडिओत बारीक टकटक होती. विहिरीकडं गेलो तर कमी झाली. वळून पूर्वेच्या बांधाकडं निघालो तर वाढली. आवाजाचा माग काढत मी अनवाणी चाललो होतो. डोळ्याला काही दिसत नव्हतं, सगळीकडं हरभरा आणि धुकं, आणि हातातली एवढीशी डबी मला सांगत होती, इकडं ये, इकडं ये.

पूर्वेच्या बांधापलीकडं माझ्या चुलतभावाचं शेत. बांधावर त्याची झटका मशीनची तार. रानडुकरं आणि हरणं येऊ नयेत म्हणून लावलेली, सेकंदाला एक झटका देणारी. हरणं दिवसाही येतात म्हणून त्याची मशीन चोवीस तास चालू.

सेकंदाला एक. मी तिथंच थांबलो. माझं डोकंच फिरलं.

“ए!” मी बांधावरून ओरडलो. “भायेर ये आधी!”

तो मिसरी लावत बाहेर आला. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान.

“काय झालं दादा?”

“तुजी मशीन बंद कर. महिना झाला माझ्या कानात टकटक करती.”

“मशीन कानात कशी काय टकटक करंल?” त्यानं त्याच्या बायकोकडं बघितलं. तीही बाहेर आली होती.

मी त्याला रेडिओ ऐकवला. त्यानं तो कानाला लावला, हसला, आणि चालायला लागला, मशीनकडं. तिथं टकटक कमी होती. मग तो उलटा फिरला आणि तारेच्या कडेनं कोपऱ्याकडं आला. टकटक वाढत गेली. कोपऱ्यात तर रेडिओ हातात उडायला लागला.

“दादा,” तो म्हणाला, “मशीन माझी हाय. पन टकटक तुमच्या घरची हाय. ह्ये बगा.”

बांधाच्या माझ्या बाजूला हरभऱ्यावर बायकोचं एक जुनं पातळ पसरलेलं होतं. मीच पसरलेलं.

हे सांगितलं पाहिजे. हरभऱ्याच्या पानावर रात्री जे दहिवर पडतं ते आंबट होतं, त्याला आंब म्हणतात. पोटदुखीला औषध. काही जण पहाटे कापड फिरवून लगेच पिळतात आणि बाटलीत भरतात. तिची रीत वेगळी होती. ती जुनं पातळ हरभऱ्यावर पसरून वीस रात्री तसंच राहू द्यायची. रात्री भिजायचं, दिवसा वाळायचं, आंब कापडात मुरत जायची. मग घडी घालून ठेवायची आणि लागेल तेव्हा तुकडा पाण्यात भिजवून पिळायची. लेकीचा सिरसाळ्याहून फोन आला होता, ‘बाबा, औंदा आंब कोण धरणार?’ म्हणून मी धरली. वाऱ्यानं उडू नये म्हणून पदराचं टोक बांधाच्या खुंटीला बांधलं. ते टोक त्या तारेला टेकत होतं.

मी जन्मभर करंटचं काम केलेलं. आंबट पाण्यातून करंट कसा पळतो हे मला शिकवायची गरज नाही. बॅटरीत दुसरं काय असतं? साडेसातला पातळ ओलं, करंट त्याच्यातून जमिनीत उतरायचा आणि दर सेकंदाला ठिणगी पडायची. दहाला उन्हानं वाळलं की बंद. सगळं माझ्यासमोर होतं आणि मी भावावर ओरडत आलो होतो.

“जाऊबाईंचं हाय न्हवं?” भावाची बायको म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला. “भावजी, जाऊबाईच हाका मारत असतील तुमाला.”

“मेलेलं माणूस टकटक करत न्हाई,” मी म्हणालो. “कापड वलं हाय म्हणून करतंय.”

ती पदर सावरत मागं सरली. जरा जास्तच तोडून बोललो. पण मला ते तसलं चालत नाही. खरं होतं ते काय कमी होतं? एक जुनं पातळ, त्याच्यावर हरभऱ्याचं दहिवर, आणि त्याची एक ठिणगी आभाळातून आलेल्या माणसांच्या आवाजावर पडत होती. माझ्यासारख्याला एवढं नवल पुरे आहे.

भावानं मशीन बंद केली. मी खुंटीची गाठ सोडली. पदराच्या टोकाला सुईनं टोचल्यासारखी बारीक जळकी भोकं पडली होती, ओळीनं. मी ती बोटानं चाचपली. मग पातळ तसंच ओलं घडी घालून खांद्यावर टाकलं. वीस रात्री कधीच होऊन गेल्या होत्या. लेकीला देऊन टाकणार होतो.

“चालू कर मशीन,” मी म्हणालो. “आन् ओरडलो ते इसर.”

“तुमी कवा ओरडत न्हाई दादा?” तो म्हणाला. “वहिनी होती तवा बी ओरडायचेच की.”

मी घरी आलो तेव्हा साडेसात होऊन गेले होते. पाय चिखलाचे, तसाच सेटपुढं बसलो आणि लावला.

मी खोटं सांगत नाही, पहिल्यांदा वाटलं सेटच बंद पडला. एवढी शांतता होती. टक नाही, काही नाही. लांब नदीचं पाणी वाहावं तशी बारीक सळसळ, आणि त्या सळसळीतून एक माणूस माझ्या खोलीत बसल्यासारखा बोलायला लागला. तो समुद्राकाठचा होता. त्याच्याकडं रात्री वारा होता, होड्या आत गेल्या नाहीत, असं सांगत होता. मग दुसरा. त्याच्या गावाला ऊस तोडायला टोळी आली होती. मग एक म्हातारी बाई, तिच्या गुडघ्याचं सांगत होती. मी एका जागी बसून होतो. हात मांडीवर. माझ्या निंबाच्या झाडाला बांधलेल्या तारेवर ही सगळी गावं येऊन बसली होती आणि मला त्यातलं एकही ठाऊक नव्हतं.

“नवीन कुणी आहे का?” प्रमुख म्हणाला.

मी बटण दाबलं. अक्षरं म्हणालो. सोडलं.

“नमस्कार बाबा,” तो लगेच म्हणाला. “आज तरी आमचं ऐकू येतंय का तुम्हाला?”

मी बघतच राहिलो. सेटकडं. बटण दाबायचं भान राहिलं नाही.

“महिना झाला, बाबा. रोज तुम्ही हाक मारता, रोज आम्ही उत्तर देतो, आणि तुम्ही पुन्हा विचारता कुणी आहे का. आम्हाला वाटलं तुमच्या सेटचं ऐकायचं अंग बिघडलंय. तुमचा आवाज तर चांगला येतो. हे माझ्या वहीत आहे सगळं. मंगळवारी तुम्ही म्हणालात, कुणी हाय का हो. आम्ही अकरा जण होतो. अकराही जण म्हणालो, आहोत.”

तो थांबला. सळसळ राहिली. वाट बघत होते सगळे.

मला एकच आठवत होतं, मी रोज दाबून सोडलेलं ते बटण. कान लावून बसायचो, आणि त्याच वेळी अकरा माणसं मला सांगत होती, आहोत म्हणून. ही माणसं रोज बोलत होती आणि मला ऐकू येत नव्हतं. आणि बायको चाळीस वर्षं घरात बोलत होती तेव्हा तर टकटकही नव्हती.

“बाबा, आहात ना?” म्हातारी बाई मध्येच बोलली.

मी बटण दाबलं. घसा खाकरला.

“हाय,” मी म्हणालो. “इथंच हाय. ऐकू आलं. सगळं सांगा पुन्यांदा, पहिल्यापासून. मला घाई न्हाई.”

आणि बटण सोडलं.